चोंदलेला आवाज

निपाणी
१८ नोव्हेंबर २०२४

आक्का, जयभीम.

फोन केला की तू कट करतीस. पत्र कट करता येत न्हाय. फार तर फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू वाचणार, एवढं मी तुला ओळखते. पत्ता तुझ्या स्वरूपकडनं घेतला. पोराला रागावू नको, मीच त्याच्या मागं लागलते.

तुला सांगायला पाहिजे अशी गोष्ट घडली, म्हणून लिहिते. सदलग्याच्या कार्यक्रमावरनं येताना टेम्पोत तू जे बोललीस ते तुला आठवत असंल. आपल्या आप्पांनी रचलेली गाणी आपण दोघी परकर-पोलक्यात असल्यापासनं जोडीनं गातोय, आणि त्या मंडळानं बॅनरवर नुसतं ‘शेवंताबाई आणि पार्टी’ छापलं. तुझं नाव कुठंच न्हाय. मलाबी ते स्टेजवर चढल्यावरच दिसलं. तू कार्यक्रम संपेपर्यंत गायलीस आणि टेम्पोत म्हणालीस, “लोकं तुझ्या गळ्याला टाळ्या देत न्हाईत शेवंते, तुझ्या चोंदलेल्या नाकाला देत्यात.” त्यानंतर तू पिंपरीला पोराकडं गेलीस ती गेलीस. गाणंबी सोडलंस म्हणं.

तर आक्का, तू बोललीस ते आता दुर्बिणीत दिसलंय.

झालं असं. दिवाळीला लेक, पारमिता, बेळगावहून घरी आली. मी सैपाकघरात कोथिंबीर निवडत बसलेली. ती दारातनंच वरडली, धावत आली, गॅसचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. सगळ्या घरात गॅस भरलता आणि मला पत्ताच न्हाय. मग तिनं माझी उलटतपासणी घेतली. वास कवापासनं येत न्हाय? मी म्हटलं, जरा सर्दी हाय. ती म्हणाली, कवापासनं? मला सांगताच येईना. गेली कैक वर्षं मी भाजी खालची लागली का ते धूर बघून ओळखते. रात्री तोंड उघडं टाकून झोपते, सकाळी घसा कोरडा. गालाची हाडं आणि कपाळ सारखं जड. ह्याला कोण आजार म्हणतं व्हय? वखारीत तंबाखू निवडणाऱ्या सगळ्या बायका नाक वढतच असत्यात.

पारमितानं ऐकलं न्हाय. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवती, पण घरात आली की माझीच परीक्षा घेती. बेळगावला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. सौम्या मॅडम म्हणून हाईत, कन्नडमिश्रित मराठी बोलत्यात, वयानं पारमितापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी नाकात औषधाचा फवारा मारून एक बारीक नळी घातली आणि पडद्यावर दाखवलं. आक्का, सोललेल्या द्राक्षांचा घड असतो बघ, तसं दोन्ही नाकपुड्यांत भरलंय. त्याला पॉलिप म्हणत्यात. नाकाच्या आतली कातडी वर्षानुवर्षं सुजून सुजून त्याचे असे लोंबते कोंब होत्यात. गालाच्या आणि कपाळाच्या हाडात पोकळ्या असत्यात, त्या सायनस. त्यांची दारंच ह्या कोंबांनी बंद झाल्यात. मी विचारलं, तंबाखूच्या धुरळ्यानं झालं काय? त्या म्हणाल्या, धुरळ्यानं भर घातली असंल, पण सगळं त्याच्यावर घालता येत न्हाय.

मग त्यांनी काम काय करता विचारलं. गाते म्हटलं. त्या म्हणाल्या, “हाच आवाज का? मला वाटलं सर्दीमुळं असा येतोय.”

हसलीस न्हवं? हस. पारमिताबी हसली.

तुझी,
शेवंता


निपाणी
२२ डिसेंबर २०२४

आक्का,

तुझं उत्तर आलं न्हाय. येईल असं धरलंबी न्हवतं.

आधी औषधं झाली. पाणी उकळून गार करायचं, त्यात मीठ आणि चिमूटभर सोडा घालायचा, बाटलीत भरून मोरीत वाकून एका नाकपुडीतनं आत सोडायचं. ते दुसऱ्या नाकपुडीतनं बाहेर येतं. पयल्या दिवशी सगळं घशात गेलं आणि मी पारमिताला जे बोलले ते लिहीत न्हाय. आता सवय झाली. त्यावर फवारा मारायचा. थोडे दिवस गोळ्याबी दिल्या. गोळ्या चालू असताना आक्का, एक दिवस मला आल्याचा वास आला. चहाचा कप हातात धरून मी किती वेळ बसले. गोळ्या बंद झाल्या आणि परत दार बंद. मॅडम म्हणाल्या ह्या गोळ्या कायम घ्यायच्या न्हवंत, त्यांचा बाकीच्या अंगाला तरास हुतो. मग स्कॅन काढला. त्यात गालाकपाळाच्या पोकळ्या काळ्या दिसायला पायजेत, माझ्या सगळ्या पांढऱ्या, म्हणजे भरलेल्या. दुर्बिणीनं ऑपरेशन करून कोंब काढायचे आणि दारं मोकळी करायची असं त्यांचं मत. बाहेरनं कुठं कापायचं न्हाय, सगळं नाकातनंच.

मी एकच विचारलं, आवाजाचं काय? मॅडमनी उगीच धीर दिला न्हाय. म्हणाल्या, “गळ्याला मी हात लावणार न्हाय. पण आवाज नाकातबी घुमतो. तिथं आज भिंत हाय, उद्या नसंल. आवाज बदलंल. किती आणि कसा, ते मला सांगता येत न्हाय.”

घरात ह्यावरनं खडाजंगी. पारमिताच्या बाबांनी दोन दिवस ढोलकीला हात लावला न्हाय. त्यांचं म्हणणं, इतक्या वर्षांत लोकांना जो आवाज ठाऊक झाला तो काढून टाकायचा आणि नवीन कसा येईल ते माहीत न्हाय, हे कसलं औषध? एप्रिलच्या सुपाऱ्या आल्यात, त्यांना काय सांगायचं? पारमिता म्हणाली, बाबा, आईला गॅसचा वास येत न्हाय. ते म्हणाले, मी बघतो गॅसकडं. बिचारे खरंच तवापासनं दिवसातनं कितीदा जाऊन बटण बघत्यात.

मी काय ठरवत न्हवते. मग गेल्या आठवड्यात बोरगावात कार्यक्रम झाला. आप्पांचं दप्तराचं गाणं:

माझ्या लेकीच्या दप्तराला
कडी चांदीची लावू कशाला
तिच्या हातातल्या अक्षराचा
उजेड पडतो उंबऱ्याला

तिसऱ्या ओळीवर श्वास संपला. नाक बंद, तोंडानं गाणं आणि तोंडानंच श्वास, एका दारातनं किती माणसं येणार-जाणार? मी हात वर केला आणि मागच्या पोरींनी ओळ उचलली. लोकांना वाटलं मी मुद्दाम सोडली. टाळ्या पडल्या. मला मात्र कळलं, हे आणखी दोन-तीन वर्षांच्या वर चालत न्हाय. आवाज राहील आणि गाणं जाईल.

घरी आल्यावर मीच पारमिताला फोन करून तारीख घ्यायला सांगितलं. भीती काय न्हाय मला.

तुझं मत कळव. एका ओळीत लिहिलंस तरी चालंल.

शेवंता


शहापूर, बेळगाव
३० जानेवारी २०२५

आक्का,

ऑपरेशन झालं. मी ठीक हाय. पारमितानं शहापुरात खोली घेतलीया, तिथं मुक्काम हाय. खाली गल्लीत दिवसभर विणकरांच्या मागांचा खडखडाट असतो. पारमिताला डोकं दुखतं, मला बरं वाटतं. आपल्या घरी न बोलणाऱ्या दुपारी मला कधीच आवडल्या न्हाईत.

मागच्या पत्रात भीती न्हाय म्हणून लिहिलं. आता झालंय सगळं, तर खरं सांगते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी खोलीचं दार लावून आप्पांची येतील तेवढी सगळी गाणी पारमिताच्या मोबाईलवर गाऊन ठेवली. तिला सांगितलं, पोरींना शिकवायला उपयोगी पडंल. तिनं फोन चार्जिंगला लावून दिला.

शुद्धीवर आले तवा दोन्ही नाकपुड्यांत बोळे. मी घाबरून नाकानंच श्वास वढायला बघत हुते. एक नर्स, हुबळीकडची असंल, कानाशी येऊन सारखी म्हणत हुती, “बायिंद उसिरु तगोळ्री, आक्का.” तोंडानं श्वास घ्या. मला कानडी कळतं, पण गुंगीत मला फक्त ‘आक्का’ ऐकू आलं, आणि मी डोळे उघडून तुला शोधायला लागले. पारमिताला वाटलं मी बरळायले. मी तिला काय सांगितलं न्हाय. तुला सांगितलं.

बोळे काढले तवा तरास झाला. मग रोज मिठाचं पाणी. नाक शिंकरायचं न्हाय, वाकायचं न्हाय, जड उचलायचं न्हाय, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. गाणं तर अजिबात न्हाय. मॅडमनी तपासून सांगितलं, आतनं चांगलं भरून येतंय. पण हेबी बजावलं की हा आजार परत येऊ शकतो. पाणी आणि फवारा आता सुटायचा न्हाय, आणि अधनंमधनं दाखवायला यायचं. मी म्हटलं, दात घासतो तसं नाक धुवायचं, त्यात काय.

काल दुपारी पारमिता कॉलेजातनं आली आणि नाक मुरडून खिडकी लावायला लागली. खाली कुणीतरी सुताला खळ लावायलंय, त्याचा आंबूस वास सगळ्या गल्लीत. मी म्हटलं, थांब, उघड. गॅलरीत जाऊन मी तो वास घेत उभी राहिले. कांजीसारखा, जरा कुजका, जरा गोड. पारमिता हसत हसत रडायला लागली. मी काय रडले न्हाय, वासातनं डोकं काढायला वेळ कुणाला हुता?

मग खालच्या मालुबाईंना वाटलं मी तक्रार करायला गॅलरीत आले. त्या वर बघून म्हणाल्या, “आज्जी, अजून थोड्या वेळात संपतंय हं.” मी म्हटलं, सावकाश होऊ दे.

शेवंता


निपाणी
९ मार्च २०२५

आक्का,

हे पत्र लिहू का नको असं करत आठ दिवस गेले.

मॅडमनी गायची परवानगी दिली. घरी पारमिताचे बाबा ढोलकी चढवून बसलेले, मागच्या पोरीबी आल्या. पारमितानं सुट्टी काढलेली. मी दप्तराचंच गाणं धरलं. पयली ओळ संपायच्या आत ढोलकी थांबली. पारमिताच्या बाबांनी दाराकडं बघितलं आणि विचारलं, “आक्का आल्या काय?”

कुणीच हसलं न्हाय. मी परत गायले. आक्का, माझ्या तोंडातनं तू गात हुतीस. तुझा तो मोकळा, सरळ आवाज, ओळीच्या शेवटाला जरा वर जाणारा. आप्पा म्हणायचे बघ, लहानपणी दाराआडनं कोण गातंय ते त्यांना ओळखू यायचं न्हाय, म्हणून दोघींना हाका मारायचे. मग मी वखारीत जायला लागले, नाक भरत गेलं, आणि माझा आवाज वेगळा झाला. आपण म्हणत आलो, शेवंताला निराळा गळा मिळाला. निराळं काय न्हवतं. एकच गळा हुता, मधी भिंत आलती.

तुला वाटंल मला आनंद झाला. न्हाय झाला. मला राग आला. माझं म्हणून जे हुतं ते हातातनं गेलं असं वाटलं. मी पोरींना घरी पाठवलं आणि मोबाईलवर जुनं गाणं लावलं, ऑपरेशनच्या आधीचं. ते ऐकताना पयल्यांदा मला गाण्याऐवजी श्वास ऐकू आला. दर ओळीला मी कशी धडपडायलेय, कुठं शब्द गिळायलेय, ते सगळं. एवढी वर्षं मी हे करत हुते आणि मला वाटायचं गाणं असंच अवघड असतं.

चार दिवस गाण्याचं नाव काढलं न्हाय. मग एका सकाळी नाक धुतलं, घरामागच्या परड्यात उभी राहिले आणि कुणी नसताना गायले. तिसरी ओळ सुरू केली आणि चौथीच्या टोकापर्यंत एका श्वासात गेले. उंबऱ्यापर्यंत. वर आणखी श्वास शिल्लक राहिला. आक्का, तो शिल्लक राहिलेला श्वास काय करायचा तेच मला कळंना. मी उगीच हसले.

पारमिताच्या बाबांनी ढोलकी नव्यानं लावली, जुन्या आवाजाला ती खाली उतरवलेली हुती. ते म्हणाले, लोकांना सवय लागंल. न्हाय लागली तर आपल्याला तर लागली.

परवाचं गाणं पारमितानं रेकॉर्ड केलं. तिनं ते स्वरूपला पाठवलं म्हणं. मी सांगितलं न्हवतं.

शेवंता


निपाणी
२४ मार्च २०२५

आक्का,

काल फोनवर आपण दोघीच नुसत्या रडलो आणि कामाचं बोलायचं राहिलं, म्हणून परत पत्र.

आधी मला सांग, स्वरूप बोलला ते खरं काय? तू जेवायला बसलीवतीस, त्यानं मोबाईलवर गाणं लावलं आणि तू त्याला म्हणालीस, “हे मी कवा गायले? मला न विचारता कुणी रेकॉर्ड केलं?” तो म्हणाला, मावशीनं गायलंय. तर तू ऐकंना. म्हणालीस, मला माझा आवाज कळत न्हाय व्हय? सुनेला साक्षीला बोलावलंस. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ताट बाजूला सारलंस आणि फोन मागितलास.

तू फोनवर पयलं वाक्य बोललीस ते मी कुणाला सांगितलं न्हाय. पारमिता लई वेळा विचारून गेली. ते आपल्या दोघीतच राहू दे.

आता काम. एप्रिलात जयंतीचा कार्यक्रम बोरगावात हाय. मी मंडळाला कळवलंय की दोघी गाणार आणि बॅनरवर ‘राजाबाई आणि शेवंताबाई’ असं छापायचं, थोरलीचं नाव आधी. ते लगेच हो म्हणाले. सदलग्याच्यांना तुझं नाव टाकायला सुचलं न्हाय, एवढंच झालं हुतं आक्का. कुणी मुद्दाम केलं न्हवतं. पण लागायचं ते लागतंच, हे मला कळतं.

तू गायचं सोडलंस म्हणालीस. सोडलेलं धरता येतं. आठ दिवस आधी ये, म्हणजे सराव हुईल. पुण्याहून बेळगावची गाडी धर आणि निपाणीत उतर. स्टँडवर पारमिताचे बाबा येतील. तुझ्यासाठी नवीन गादी केलीया. आणि सर्दी घेऊन येऊ नको, मी आता कुणाच्या नाकाला सोडत न्हाय, धुवायला लावते.

तुझी शेवंता


निपाणी
२७ एप्रिल २०२५

आक्का,

तू पोचल्याचं कळलं. घर रिकामं वाटतंय. पारमिताचे बाबा उगीच ढोलकी पुसत बसल्यात.

कार्यक्रमाचं तुला सगळं ठाऊकच हाय. तू इतक्या दिवसांनी स्टेजवर माईक धरलास तवा दोनदा पदर सारखा केलास, आणि मी बघितलं न्हाय असं दाखवलं. बोरगावच्या म्हाताऱ्या रुक्माबाईंनी पुढं येऊन आपल्या दोघींच्या तोंडावरनं हात फिरवला आणि विचारलं, तुमच्यातली नाकातनं गाणारी कुठली? तू म्हणालीस, “ती बरी झाली.” ते लोकांनी माईकवर ऐकलं आणि हसले. माझी एवढ्या वर्षांची कीर्ती तू तीन शब्दांत संपवलीस. मला लई बरं वाटलं.

एकदोघं नाराज झाले, हेबी सांगते. यमगर्णीच्या एका म्हाताऱ्यानं मला गाठून सांगितलं की आधीचा आवाज काळजाला लागायचा. मी त्यांना म्हटलं, काका, तो आवाज माझ्या कपाळाला लागायचा. त्यांना ते पटलं का न्हाय, माहीत न्हाय. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या गावात गायला या म्हणाले. तू येणार काय? मी अजून शब्द दिला न्हाय.

मॅडमकडंबी जाऊन आले. दुर्बिणीतनं दाखवलं, आत गुलाबी आणि मोकळं. त्यांना आपलं गाणं ऐकवलं. त्यांनी विचारलं ह्यात तुम्ही कुठल्या? मी नीट ऐकलं आणि काही ठिकाणी मलाबी सांगता आलं न्हाय.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. बोरगावचा साउंडवाला महादेव काल इकडं आलता, त्याची एक वायर आपल्या टेम्पोत राहिलती. चहा घेता घेता जरा लाजत म्हणाला, “मावशी, चुकी झाली माझी. दप्तराच्या गाण्याला एक माईक बंद हुता. सगळं सोडून घरी नेल्यावर बघितलं तर एक वायर आतनं तुटलेली. तवा कळलं न्हाय, कारण आवाज भरून येत हुता.”

मी विचारलं, कुठला माईक? तुझा का माझा? त्यानं डोकं खाजवलं. दोन्ही वायरी एकसारख्या, सोडताना एकातच गुंडाळल्या, आता सांगता येत न्हाय म्हणाला.

मी परत विचारलं न्हाय. त्याला आणखी अर्धा कप चहा दिला.

तुझी,
शेवंता